सोमवारची वीस मिनिटं : छोट्या व्यावसायिकानं कोणती संकेतस्थळं उघडावीत आणि कशी वाचावीत

मिरजेच्या माझ्या वहिनी शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि उडदाचे पापड करून विकतात. सांगलीत माझं लेबलं आणि पाऊच छापण्याचं छोटं युनिट आहे, त्यामुळे त्यांची लेबलंही माझ्याकडेच होतात. एकदा त्यांचा फोन आला, "भाऊजी, उद्यमचं सर्टिफिकेट आलं बघा. लेबलावर टाकायचं ना? दोन हजार तीनशे साठ रुपये लागले." उद्यम म्हणजे छोट्या उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी. मी पावती मागवून घेतली. दोन हजार रुपये 'सल्ला शुल्क', वर तीनशे साठ जीएसटी. पावतीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की आम्ही खासगी सल्लागार आहोत, सरकारशी आमचा संबंध नाही.

प्रमाणपत्र खरंच होतं, कारण त्या माणसानं सरकारी पोर्टलवर जाऊन वहिनींचा फॉर्म भरला होता. जे काम फुकट होतं, त्याचे पैसे घेतले एवढंच. पण प्रमाणपत्र नीट पाहिलं तर त्यावरचा ई-मेल भलत्याच कुणाचा होता. पुढे कधीही दुरुस्ती करायची तर निरोप त्या परक्या माणसाच्या डब्यात जाणार. ते बदलून घेण्यात आमचा एक आख्खा दिवस गेला.

लेबलं छापताना रोज दहा जणांचे परवाना क्रमांक, जीएसटी क्रमांक माझ्या नजरेखालून जातात. त्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे: छोट्या माणसाचं नुकसान बहुतेक वेळा माहिती नसल्यामुळे होत नाही. माहिती तिसऱ्या-चौथ्या हातानं मिळते, म्हणून होतं. मूळ जागी जाऊन वाचायला आठवड्याला वीस मिनिटं पुरतात. ती कशी वापरायची, ते इथे क्रमानं सांगतो.

आधी पत्ता वाचायला शिका

गूगलवर 'उद्यम नोंदणी' असं टाकलं की सर्वांत वर बऱ्याचदा जाहिराती येतात. त्यांचं रूप सरकारी असतं, तिरंगा असतो, अशोकस्तंभासारखं काहीतरी असतं. रूपाकडे बघू नका. वरच्या पट्टीतला पत्ता बघा.

केंद्र आणि राज्य सरकारची संकेतस्थळं साधारणपणे 'डॉट जीओव्ही डॉट इन' किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन' अशी संपतात. हा शेवट खासगी माणसाला विकत मिळत नाही. पण 'जीओव्ही' हा शब्द पत्त्यात कुठेतरी असणं पुरेसं नाही. पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिच्या लगेच आधी काय आहे ते वाचा. तिथे 'जीओव्ही डॉट इन' असेल तर ठीक. 'उद्यम-जीओव्ही डॉट ऑर्ग' किंवा 'जीओव्ही डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम' असं काही असेल तर ते पान बंद करा. काही खऱ्या संस्थांचे पत्ते 'डॉट कॉम' किंवा 'डॉट इन' असेही असतात, उदाहरणार्थ राज्य कृषी पणन मंडळाचा. अशा वेळी एखाद्या सरकारी पानावरच्या दुव्यावरून तिथे पोचा.

एकदा खरं पान सापडलं की ते लगेच बुकमार्क करा. फोनमधल्या ब्राउझरमध्ये 'धंदा' नावाचं एक फोल्डर करा आणि पुढे सांगतोय ती सगळी पानं त्यात टाका. त्यानंतर गूगलवर पुन्हा शोधायचंच नाही. मला विचाराल तर या लेखातलं एकच काम करायचं झालं तर हे करा.

उद्यम : स्वतःच्या हातानं, शून्य रुपयांत

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली. त्याआधीचं उद्योग आधार तेव्हापासून मागे पडलं. मालकी एकट्याची असेल तर मालकाचं आधार, पॅन, बँक खात्याचा तपशील आणि जीएसटी असेल तर तो क्रमांक एवढं पुढ्यात घेऊन बसा. कागद अपलोड करावे लागत नाहीत. आधारला जोडलेला मोबाइल हातात हवा, कारण ओटीपी त्यावर येतो.

फॉर्ममध्ये बहुतेक जण एका जागी चुकतात: व्यवसायाचा एनआयसी कोड, म्हणजे तुमचा धंदा कोणता ते सांगणारा सरकारी आकडा. आधी दोन अंकी, मग चार, मग पाच अंकी अशी यादी उघडत जाते. वहिनींच्या फॉर्ममध्ये त्या सल्लागारानं 'किरकोळ विक्री' निवडून ठेवलं होतं. वहिनी स्वतः भाजतात, कांडतात, पापड लाटतात, म्हणजे त्या उत्पादक आहेत. फरक साधा वाटतो, पण मोठा आहे. घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना २ जुलै २०२१ पासून उद्यममध्ये घेतलं खरं, पण ते बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरतं. थकलेल्या बिलासाठी कायद्याचं जे संरक्षण आहे, ते उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांना. म्हणून तुम्ही काही बनवत असाल तर उत्पादनाचाच कोड निवडा. एकापेक्षा जास्त कोड टाकता येतात.

सूक्ष्म, लघु, मध्यम यांच्या मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून वाढल्या आहेत. सूक्ष्म म्हणजे यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत. लघुसाठी हेच आकडे पंचवीस कोटी आणि शंभर कोटी. हा लेख वाचणारे बहुतेक जण सूक्ष्ममध्येच बसतील.

नोंदणीचं नूतनीकरण नसतं. 'तुमच्या उद्यमची मुदत संपतेय, पैसे भरा' असा फोन आला तर तो फसवणुकीचाच.

जीएसटी पोर्टल : नोंदणी नसली तरी उपयोगाचं

जीएसटी क्रमांक नसल्यामुळे अनेक जण हे पोर्टल उघडतच नाहीत. पण मुखपृष्ठावरच करदाता शोधण्याची सोय आहे. लॉगिन लागत नाही. समोरच्याचा पंधरा अंक-अक्षरांचा क्रमांक टाकला की त्याच्या धंद्याचं नोंदलेलं नाव, पत्ता, नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे, आणि विवरणपत्रं कधी भरली, हे सगळं दिसतं.

क्रमांक नुसता वाचूनही बरंच कळतं. पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०. पुढची दहा अंक-अक्षरं म्हणजे पॅन. कुणी कोल्हापूरचा पत्ता देऊन भलत्याच अंकानं सुरू होणारा क्रमांक दिला तर विचारा, का? एका कागदपुरवठादाराकडून मी मोठा माल उचलणार होतो. दर चांगला होता, माणूसही गोड बोलणारा. क्रमांक टाकून पाहिला तर नोंदणी रद्द झालेली. त्याच्या बिलावर मी भरलेला कर मला परत वळता करून घेता आला नसता, कारण विकणाऱ्यानं विवरणपत्रात बिल दाखवलं तरच घेणाऱ्याला त्याचं क्रेडिट मिळतं. दोन मिनिटांच्या त्या शोधानं माझे काही हजार वाचले.

नोंदणी कधी लागते, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला वीस लाखांपर्यंत साधारणपणे सूट आहे. पण परराज्यात माल पाठवायचा किंवा ऑनलाइन बाजारपेठेवर विकायचं तर नियम वेगळे लागू होतात. तिथे अंदाजानं जाऊ नका, आपल्या सीएंना विचारा.

बातमी वाचायची कशी

हा भाग सावकाश वाचा.

३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेची ५६ वी बैठक झाली आणि कराचे टप्पे बदलायचं ठरलं. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले, बहुतेक वस्तू ५ किंवा १८ टक्क्यांत आल्या. फरसाण १२ वरून ५ वर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे फरसाणवाले दोघे हजर. म्हणाले, "नवीन दरानं लेबलं छापा, आजपासून पाच टक्के." हातात व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला तक्ता. मी त्यांना थांबवलं. निर्णय झाला होता, पण दर बदलणारी अधिसूचना निघाली १७ सप्टेंबरला, आणि दर लागू झाले २२ सप्टेंबरपासून. मधल्या एकोणीस दिवसांत ज्यांनी घाईनं पाच टक्क्यांनी बिलं फाडली, त्यांच्यावर फरक खिशातून भरायची वेळ आली.

कोणतीही सरकारी बातमी चार पायऱ्यांनी येते. आधी 'विचाराधीन आहे' अशी चर्चा. मग परिषदेत किंवा मंत्रिमंडळात निर्णय. मग अधिसूचना, अध्यादेश किंवा शासन निर्णय. आणि शेवटी लागू होण्याची तारीख. वर्तमानपत्रात पहिल्या दोन पायऱ्यांचे मथळे मोठे असतात, तिसरी-चौथी आतल्या पानावर छोट्या चौकटीत जाते. धंद्याचे निर्णय मात्र तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवरच घ्यायचे. बातमी वाचली की वहीत दोन प्रश्न लिहा: अधिसूचनेचा क्रमांक काय? कोणत्या तारखेपासून? दोन्हींची उत्तरं मिळेपर्यंत लेबल, दर, बिल यांना हात लावू नका.

केंद्राच्या निर्णयांसाठी पत्र सूचना कार्यालय, म्हणजे पीआयबीचं पान ठेवा. तिथे मराठीतूनही पत्रकं मिळतात, भाषा बदलायची सोय वरच आहे. 'सरकार सर्व उद्योजकांना अमुक लाख देणार' छापाचे निरोप खोटे असतील तर पीआयबीचा फॅक्ट चेक विभाग बऱ्याचदा तसं जाहीर करतो. जीएसटीच्या अधिसूचना केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या पानावर, क्रमांक आणि तारखेसह. बँका, यूपीआय, व्याजदर यांसाठी रिझर्व्ह बँकेची प्रसिद्धिपत्रकं.

राज्यासाठी शासन निर्णयांचं संकेतस्थळ आहे, आणि ते चक्क मराठीत आहे. विभाग निवडा, तारखेची मर्यादा टाका किंवा एखादा शब्द टाकून शोधा. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी 'नवीन जीआर' पाठवला तर शेवटच्या पानावर जा. तिथे ठरावीक वाक्य असतं: सदर शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा सांकेतांक अमुक असा आहे. तो लांबलचक आकडा संकेतस्थळावर टाका. कागद निघाला तर खरा. निघाला नाही तर पुढे पाठवू नका. सरकारी मराठी वाचायला जड जाते हे मान्य, पण त्यात एक सवय लावून घ्या: प्रस्तावना सोडा, 'शासन निर्णय' असं जिथे ठळक अक्षरांत येतं तिथून वाचायला लागा.

गुमास्त्याचंच, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचंच बघा. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीऐवजी फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागायची. २०२५ मध्ये ही मर्यादा वीसवर नेली. तरीही 'गुमास्ता काढून देतो' म्हणत तीन कामगारांच्या दुकानातून हजारो रुपये उकळणारे फिरतातच.

थकलेलं बिल : समाधान पोर्टल

थकलेल्या बिलांच्या तक्रारीचं हे सरकारी पोर्टल ३० ऑक्टोबर २०१७ ला सुरू झालं, आणि अजूनही कित्येकांना ते ठाऊक नाही याचं मला वाईट वाटतं. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ.

एका कारखान्याकडे माझे १,८४,००० रुपये सहा महिने अडकले होते. फोन केला की 'पुढच्या आठवड्यात बघू'. शेवटी मी एक पत्र तयार केलं. बँक दर साडेपाच टक्के धरला तर तिप्पट म्हणजे साडेसोळा, महिन्याला १.३७५ टक्के. पहिल्या महिन्याचं व्याज २,५३० रुपये, सहा महिन्यांचं चक्रवाढीनं सुमारे १५,७०० रुपये. हा तक्ता, उद्यम क्रमांक, बिलाच्या आणि माल पोचल्याच्या सहीच्या प्रती जोडल्या, आणि खाली लिहिलं की पंधरा दिवसांत रक्कम आली नाही तर समाधान पोर्टलवर अर्ज करेन. अर्ज करावाच लागला नाही. मुद्दल बाराव्या दिवशी खात्यात आली. व्याज मी सोडून दिलं, तो माझा निर्णय.

तुम्हाला अर्ज करावा लागला तर उद्यम क्रमांकानं लॉगिन होतं. अर्ज राज्याच्या सुविधा परिषदेकडे जातो. निकालासाठी कायद्यात ९० दिवस सांगितले आहेत, प्रत्यक्षात धीर धरावा लागतो. माल घेताना झालेली सही, चलन, ई-मेल हे सगळं जपून ठेवा, कारण तोंडी शब्दाला तिथे किंमत नाही. आणि उद्यम नोंदणी माल देण्याआधीची असावी. वाद झाल्यावर काढलेली नोंदणी मागच्या बिलांना आधार देत नाही, असे न्यायालयांचे निकाल आहेत. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा. मी माझ्या गिऱ्हाइकांना तो बिलबुकावर फुकट छापून देतो. एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद आली आहे की सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही तर घेणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजा करता येतो. मोठ्या कंपनीच्या अकाउंट खात्याला हे बरोब्बर कळतं.

कर्ज आणि अनुदान

इथे दलालांचा सुळसुळाट आहे, म्हणून आकडे पाठ ठेवा. मुद्रा कर्ज: शिशु ५०,००० पर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, आणि तरुण फेडलेल्यांसाठी तरुण प्लस २० लाखांपर्यंत. अर्ज थेट बँकेत किंवा जनसमर्थ या सरकारी पोर्टलवर. मुद्राचे कोणी एजंट नाहीत.

पीएमईजीपीत, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंतचा, सेवेसाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो. अनुदान १५ ते ३५ टक्के, गाव-शहर आणि प्रवर्गानुसार. पण हे अनुदान नवीन घटकासाठी आहे, म्हणून मशीन आधी घेऊन मग अर्ज करू नका. अनुदान हातात मिळत नाही, हेही कुणी सांगत नाही. ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम याच धर्तीवर आहे. कागदपत्रांसाठी जिल्हा उद्योग केंद्रात जा, तिथे प्रत्यक्ष बसून विचारता येतं.

सुतार, कुंभार, शिंपी, चांभार, न्हावी अशा हातावरच्या कारागिरांनी पीएम विश्वकर्माचं पान पाहावं. सप्टेंबर २०२३ मधली ही योजना, अठरा व्यवसाय, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि कर्ज पाच टक्के व्याजानं. नोंदणी गावातल्या सीएससी केंद्रात होते.

नाव आणि परवाना

लेबल छापण्याआधी मी प्रत्येकाला ट्रेडमार्कच्या सरकारी शोधपानावर बसवतो. तिथे शोध मोफत आहे. मसाल्यांचा वर्ग ३०. तुमचं आवडतं नाव टाका, उच्चारानं जवळचीही नावं बघा. नाव मोकळं असेल तर वैयक्तिक किंवा लघुउद्योगाच्या नावानं ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. पाच हजार पाऊच छापून झाल्यावर वकिलाची नोटीस आलेली मी पाहिली आहे. ते पाऊच अजून त्या घराच्या माळ्यावर आहेत.

अन्नपदार्थ असेल तर एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं, फॉसकॉस पोर्टल. क्रमांक चौदा अंकी असतो, नोंदणी असेल तर २ नं आणि परवाना असेल तर १ नं सुरू होतो. तेरा अंक आणून देणारे माझ्याकडे दर महिन्याला येतात.

बाजारभाव

वहिनींना सर्वांत आवडलेलं पान हे. राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोज बाजार समितीनिहाय भाव येतात: आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर. भाव क्विंटलचे असतात, म्हणजे किलोसाठी शंभरानं भागा. सर्वसाधारण दराकडे बघा, जास्तीत जास्त दर एखाद्या निवडक ढिगाचाही असू शकतो. त्या आता दर सोमवारी शेंगदाणा, मिरची आणि उडदाचा भाव कॅलेंडरच्या चौकोनात पेन्सिलनं लिहितात. वर्षभराची ती नोंद बघून त्यांनी यंदा मिरची कधी भरायची ते ठरवलं. व्यापारी म्हणाला तो भाव त्यांनी घेतला नाही.

नकाशावरचं दुकान, फोनवरचा चोर

गूगलवर दुकानाची नोंद मोफत होते. खात्री बऱ्याचदा व्हिडिओनं करतात: पाटी, रस्ता आणि आतलं सामान दाखवायचं. 'तुमची नोंद बंद होणार, पैसे भरा' हा फोन गूगलचा नसतो. वेळा आणि सुट्ट्या नीट भरा, गणपतीत आणि दिवाळीत बदला.

पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. गिऱ्हाइकानं दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे आले असं नव्हे, आपल्या खात्यात किंवा साउंडबॉक्सवर आल्यावरच माल द्या. फसलातच तर लाजू नका, घरच्यांना सांगण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावा, मग सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी थांबवता येतात, आणि त्यासाठी पहिला तास सर्वांत मोलाचा.

सोमवारी काय करायचं

दुकान उघडण्याआधी, चहासोबत. पाच मिनिटं पीआयबी मराठी. पाच मिनिटं जीएसटी पोर्टलवरच्या सूचना. तीन मिनिटं आपल्या विभागाचे नवे शासन निर्णय. दोन मिनिटं बाजारभाव. उरलेल्या पाच मिनिटांत आठवडाभर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक निरोप निवडून त्याचा उगम शोधा. एका वहीत तीनच रकाने आखा: काय बदललं, कधीपासून, मला काय करायचं. तिसरा रकाना रिकामा राहिला तर त्या बातमीचा विचार सोडून द्या.

महिन्यातून एकदा दोन कामं जास्तीची: ज्यांच्याकडून माल घेता त्यांचे जीएसटी क्रमांक तपासणं, आणि ४५ दिवस उलटलेली बिलं वेगळी काढणं. ती बिलं वेगळ्या फाइलमध्ये लावा, आणि पत्र त्याच दिवशी टाका.